जॅक बसवायचा कुठं?

सोलापुरात ट्रकला पुढून फारसं कोणी बघत नाही. केबिन, काच, दिवे कंपनीनं दिलेले असतात, ते सगळ्यांचे सारखेच. माणूस सरळ मागं जातो, खाली वाकतो, पाटे मोजतो, टायरच्या आतल्या बाजूला हात घालून ऑइलची गळती चाचपतो आणि बोटं पुसत विचारतो, "कितीला घेतली?" पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजापूर हे दोन महामार्ग इथं एकमेकांना भेटतात. हिवाळ्यात मार्केट यार्डाकडं कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. राज्यातले सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात आहेत. अशा गावात गाडीची पारख मागच्या अ‍ॅक्सलवरून व्हावी यात नवल नाही, कारण सगळं ओझं तिथंच येऊन बसतं.

मागच्या बाजूतही खरा मान हायड्रॉलिकचा. भीमेची वाळू, डोंगराचा मुरूम, क्रशरची खडी असं जे जे ओतायचं असतं, ते ओतणाऱ्या मोठ्या गाडीला आता कोणी टिपर म्हणत नाही, 'हायवा' म्हणतात. हायवा ही १९७९ साली नेदरलँड्समध्ये निघालेली कंपनी. ती ट्रक करत नाही. ट्रकचा हौदा उचलणारा जॅक करते. चासी टाटाची असो नाहीतर अशोक लेलँडची, गावानं गाडीला नाव दिलं ते जॅकवाल्याचं. 'वाळूचा हायवा पकडला' ही बातमी वाचताना कुणाला त्यात वावगं वाटत नाही. इंजिन बनवणाऱ्यांनी याचं किती मनाला लावून घ्यायचं, ते त्यांचं त्यांनी बघावं.

अशा गावात एखाद्या तरुणाला आपल्या पिकअपच्या मागच्या चाकांवर हायड्रॉलिक जॅक बसवावेसे वाटले, तर त्याला वेड लागलं असं म्हणता येत नाही. हौदा उचलायचा नाही, अख्खी गाडीच मागून उचलायची. जयंतीच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीत चौक आला, की गाडीचा मागचा भाग फूटभर वर उठावा, पुन्हा खाली बसावा, पुन्हा उठावा आणि लोकांनी मोबाइल वर करावेत, एवढीच माफक अपेक्षा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज माणसंच पेलतात, त्याला पंप लागत नाही की बॅटरी. पण मंडळाच्या अध्यक्षाला एवढी कंबर कुठली? तो गॅरेज शोधतो.

गॅरेज हैदराबाद रोडला असेल, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असेल, नाहीतर एखाद्या वजनकाट्याच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये. तिथला मिस्त्री बोलतो मराठी, पोऱ्याला हाक मारतो दखनीत, सुटे भाग आणणाऱ्याशी भांडतो कन्नडमध्ये आणि हिशोब कुठल्या भाषेत करतो ते शेवटपर्यंत कळत नाही.

"मागून उठली पाहिजे मिस्त्री. दणक्यात."

"उठंल की मालक. उठायचं काय नाय त्यात."

इथं गिऱ्हाईक खूश होतं. मिस्त्रीनं पुढचं वाक्य गिळलेलं असतं, ते त्याला दिसत नाही.

उचलणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि गिऱ्हाइकाला नेमका तोच अवघड वाटतो. ते काम ब्लेझ पास्कल साडेतीनशे वर्षांपूर्वीच करून गेला. बंद भांड्यातल्या द्रवाला एका ठिकाणी दाबलं की तो दाब सगळीकडं सारखा पोचतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ तो गेल्यावर १६६३ मध्ये छापला गेला. मरायच्या काही महिने आधी, १६६२ मध्ये, याच गृहस्थानं पॅरिसमध्ये ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या भाड्यात कोणालाही नेणाऱ्या घोडागाड्या सुरू केल्या होत्या. म्हणजे जॅक आणि एसटी या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यातून निघाल्या. पुढं १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानं या तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी १७७८ मध्ये त्यानं सुधारलेल्या संडासाचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळं पाणी कुठून कुठं जाऊ द्यायचं नाही याचा त्याला अनुभव होता. तरीही त्याचं यंत्र गळायचं. ती गळती थांबवणारी चामड्याची वाटी काढली ती त्याच्या हाताखालच्या हेन्री मॉड्स्लेनं. सोलापुरात आजही पेटंटवाल्यापेक्षा ऑइल सीलवाल्याची वाट जास्त बघितली जाते, त्याची परंपरा इतकी जुनी आहे.

हिशोबही सोपा आहे. शंभर मिलिमीटर बोअरचा जॅक घेतला, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत चार इंची, तर पिस्टनचं क्षेत्रफळ होतं साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो दाब दिला की पावणेबारा टन उचलले गेले. एवढ्यात पिकअप, अध्यक्ष, कार्यकारिणी आणि वर्गणीचा हिशोब सगळं वर जाईल.

पिकअपच्या मागच्या बाजूला दोन इंचीचे दोन जॅक भरपूर झाले. पन्नास मिलिमीटरचा एक जॅक शंभर किलो दाबाला जवळजवळ दोन टन उचलतो. पण हे सांगितलं की गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. दोन इंची म्हणजे दिसायला फारच बारीक. त्याला पाच इंची हवा असतो, क्रोम केलेला, मागून येणाऱ्याला दिसेल असा. मिस्त्री मग मडगार्डवर खडूनं दोन गोल काढतो, एक लहान, एक मोठा. मोठ्या गोलाला तेल सव्वासहापट लागतं. पंप तोच ठेवला, तर दोन इंची जॅक चार सेकंदांत जेवढा उठतो, तेवढं उठायला पाच इंचीला पंचवीस सेकंद लागतात. "म्हंजे कसं," मिस्त्री सांगतो, "तुमी चौकात बटन दाबणार, आन गाडी उठणार पुढच्या चौकात." गिऱ्हाईक ते गोल तळहातानं पुसून टाकतं. दोन इंची ठरतो.

आता खरा प्रश्न येतो आणि घोडं पेंड खातं ते इथं. जॅक बसवायचा कुठं?

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पाटे काढायचे आणि तिथं जॅक लावायचे. स्प्रिंगच्या जागी नळकांडं, झालं. पण पाटे फक्त धक्के खात नाहीत. मागच्या अ‍ॅक्सलचं अख्खं हाउसिंग यू-बोल्टनं पाट्यांना आवळलेलं असतं. सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगवरच्या बैठकीच्या भोकात बसतं, म्हणून चाकं पुढं-मागं सरकत नाहीत. पाट्याचं पुढचं टोक पिनेनं चासीला बांधलेलं असतं. चाकं गाडीला ढकलतात ते त्या पिनेतून, आणि ब्रेक लागला की हाउसिंगला येणारा पीळ सोसतात तेही पाटेच. मागचं टोक शॅकलला लटकतं, कारण ओझं आलं की पाटा सरळ होतो, सरळ झाला की लांब होतो, आणि त्या जादा लांबीला जायला जागा लागते. घरातली जी व्यक्ती गप्प बसून सगळं सांभाळते तिला रजेवर पाठवल्यावर काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पाटे काढल्यावर काय होईल ते वेगळं सांगायला नको. जॅक फक्त आपल्या लांबीच्या दिशेनं ढकलतो. चाक सरळ धरणं, पीळ सोसणं, हाउसिंग जागेवर ठेवणं यातलं काहीही त्याच्या करारात नाही. पहिल्या ब्रेकला गाडी थांबेल; चाकं कुठं थांबतील ते सांगता येत नाही.

म्हणून पाटे काढायचेच असतील तर हाउसिंग धरायला चार दांड्या आणि त्यांच्या टोकांना आठ बुश लागतात. हे ऐकून गिऱ्हाईक म्हणतं, "मग पाटे राहू द्या." मग दुसरी युक्ती पुढं येते: मागचं शॅकल काढायचं आणि तिथं जॅक लावायचा. यात गंमत अशी, की जॅक सहा इंच निघतो आणि गाडी उठते तीनच इंच, कारण हाउसिंग पाट्याच्या मधोमध बसलेलं असतं. वरून पाटा तिरका झाला की डिफरन्शियलचं तोंडही फिरतं, जॉइंटचा कोन बिघडतो, आणि गाडी चालवताना तळातून असा आवाज येतो की डीजेची गरज उरू नये. उरला तिसरा मार्ग. पाटे जिथले तिथं ठेवायचे आणि जॅक हाउसिंग आणि चासीच्या मध्ये उभा करायचा. पण मग पाटे खाली जितके लोंबू देतील तितकीच उंची मिळणार, आणि त्याहून जास्त ओढलं तर आधी ब्रेकचा पाइप ताणला जाणार. फूटभर मागितलेल्या गिऱ्हाइकाला इथं चार-पाच इंचांवर समाधान मानायला शिकवावं लागतं. हे शिक्षण मिस्त्री मोफत देतो.

जॅकची दोन्ही टोकं कशाला तरी धरलेली हवीत. खालचं हाउसिंगला, वरचं चासीला. हाउसिंग वर-खाली होताना सरळ रेषेत जात नाही, थोडं कमानीत फिरतं. जॅक दोन्ही टोकांना घट्ट वेल्ड केला, तर त्या कमानीचा सगळा हिशोब जॅकच्या दांड्याकडून वसूल होतो. चकचकीत क्रोमचा दांडा आडव्या ताकदीपुढं फार नाजूक असतो. केसभर वाकला की सील कापलं आणि तेल रस्त्यावर. म्हणून दोन्ही टोकांना पिन हवी, आणि पिनेभोवती चारी बाजूंना जरा डोलू देणारा गोल बुश हवा. असा बुश गावात मिळतो, पण गिऱ्हाईक त्याची किंमत ऐकून "नट-बोल्टनं नाय का भागत?" असं विचारतं. भागतं. पहिल्या मिरवणुकीपुरतं.

चासीचंही तेच. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब पोलादी पन्हळ्या. त्यांच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्ट्यांवर सगळा ताण येतो, म्हणून तिथं छिद्र पाडू नका, वेल्डिंग करू नका, काय ते मधल्या उभ्या पट्टीवर बोल्टनं बसवा, असं कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांना बजावून सांगतात. बॉडी बांधणाऱ्यांचा पोऱ्या मात्र होल्डर हातात घेऊन नेमका खालच्या पट्टीकडं बघत उभा असतो, कारण तिथं हात पोचतो.

"तिथं नगं बे! वर धर."

"वर दिसंना की उस्ताद."

"मग वाक की."

पोऱ्या वाकतो. दोन टाके पडतात. मिस्त्री जमिनीवर उताणा झोपून एक डोळा मिटून बघतो, चासीला दोरी लावतो, खडूची रेघ मारतो, "अर्धा सूत बाहेर हाय" म्हणतो आणि एक घण घालून टाका तोडतो. हे दोन-तीनदा चालतं. ज्यांना वाटतं की आपल्याकडं मोजमापाची संस्कृती नाही, त्यांनी अर्धा सूत म्हणजे मिलिमीटर दीड मिलिमीटर असतं हे लक्षात घ्यावं. आणि ते एक डोळा मिटून.

जॅक बसले, पाइप जोडले, पहिलं बटन दाबलं. गाडीची डावी बाजू उठते. उजवी बसूनच राहते. गिऱ्हाईक घाबरतं, मिस्त्री घाबरत नाही; त्याला हे आधीच ठाऊक होतं, पण सांगून कोणाला पटतं? एका पंपाचं तेल टी जोडून दोन जॅकना दिलं, की तेल आधी जिकडं ओझं कमी तिकडं जातं. पिकअपमध्ये डिझेलची टाकी एका बाजूला, पंप आणि बॅटरी त्याच बाजूला, आणि जनरेटरही पोरांनी तिथंच ठेवलेला. साहजिकच दुसरी बाजू हलकी. ती पूर्ण वर गेल्याशिवाय तेल जड बाजूकडं ढुंकून बघत नाही. त्यासाठी तेल सारखं वाटून देणारा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. तोवर गाडी एका कुशीवर उभी राहते, आणि कोणीतरी म्हणतं की हे पण भारी दिसतंय.

पुढची परीक्षा रस्त्यावर. तेल दबत नाही. दीडशे बार दाबाला ते जेमतेम एक टक्का आकसतं. त्यामुळं जॅकवर उभी केलेली गाडी चालवली की चाकाखालचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा मणक्यात येतो. स्प्रिंगचं काम तेलाकडून करून घ्यायचं असेल, तर जोडीला नायट्रोजन वायूचा गोळा हवा. तेल वायूला दाबतं, वायू दबतो आणि परत उसळतो. सित्रोएन या फ्रेंच कंपनीनं ही रचना पहिल्यांदा गाडीत बसवली ती १९५४ मध्ये, आणि तीही फक्त मागच्या चाकांना. पुढच्या वर्षीच्या डीएस मॉडेलमध्ये ती चारी चाकांना आली. म्हणजे आधी मागं करून बघू, पुढचं पुढं, हा विचार फक्त सोलापूरचा नाही.

गाडी नाचवण्याचा मान मात्र कॅलिफोर्नियाकडं जातो. तिथल्या पोरांना गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली आणायचा नाद होता. १ जानेवारी १९५८ पासून तिथं कायदा आला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. १९५९ च्या सुमारास रॉन अगिरे यानं आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि जॅक बसवले. पोलीस दिसले की बटन दाबायचं, गाडी कायद्यात. पोलीस गेले की बटन सोडायचं, गाडी झोकात. पुढं त्याच बटनावर गाड्या उड्या मारायला लागल्या. आपल्याकडचा प्रवास उलट्या दिशेनं चाललाय. इथं उड्या आधी हव्या असतात, कायद्याचं बघू म्हणतात.

कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्यापेक्षा गाडीत मनानं फरक करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं सांगितलं. हायवाचा जॅक कागदावर असतो, पिकअपचा नसतो. एमएच १३ असो की अकलूजची एमएच ४५, पासिंगला जाताना गाडी ज्या रूपात घ्यावी लागते ते रूप आणि मिरवणुकीचं रूप यांच्यात एक पूर्ण दिवसाची मजुरी असते. ओझ्याच्या बाबतीत सरकार थोडं सैल झालं: जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली आणि जोड अ‍ॅक्सलची १९ वरून २१. उसाच्या आणि वाळूच्या गाड्यांना जादा पाटे चढवून देणाऱ्यांना ही बातमी उशिरा आल्यासारखी वाटली असावी.

चाकाखाली हायड्रॉलिक जॅक बसवून तो शहाण्यासारखा वापरायचा झाला तर काय होतं, हे बघायचं असेल तर वीज केंद्रांचे ट्रान्सफॉर्मर नेणारे ट्रेलर बघावेत. त्यांच्या चाकांच्या प्रत्येक जोडीला आपला जॅक असतो आणि ते गटागटानं एकाच पाइपला जोडलेले असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की शेजारचं तेल आपोआप तिकडं वाहतं, आणि सगळ्यांवर ओझं सारखं राहतं. आपल्या पिकअपला ज्या टीनं एका कुशीवर पाडलं, तीच टी इथं शेकडो टन सरळ ठेवते. फरक एवढाच, की इथं गट कसे पाडायचे ते आधी कोणीतरी कागदावर बसून ठरवलेलं असतं. डोक्यावर पूल आला की सगळे जॅक दबतात आणि गाडी खाली बसते. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून एक ७० टनी ऑटोक्लेव्ह ७४ चाकांच्या गाडीवरून तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडं निघाला. दिवसाला पाचेक किलोमीटर, वाटेत विजेच्या तारा बाजूला करत, मध्ये लॉकडाउनमध्ये अडकत, तो जुलै २०२० मध्ये पोचला. सतराशे किलोमीटरला एक वर्ष. इतक्या सावकाश मिरवणूक काढूनही त्यात कोणी नाचलं नाही.

हे सगळं मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत बसत नाही. तो शेवटी फक्त दोन गोष्टी बजावतो. उचललेल्या गाडीखाली लाकडी टेकू लावल्याशिवाय कोणी डोकं घालायचं नाही, कारण पाइप फुटला तर गाडी खाली येताना हॉर्न वाजवत नाही. आणि वर तार दिसली की बटनाला हात लावायचा नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की तेल पातळ होतं, जॅक सुस्तावतात, तेव्हा जयंत्या-यात्रा आटोपल्यावर एकदा तेल बदलून जा, हेही तो जाता जाता सांगतो. गिऱ्हाईक मान डोलावतं. सगळं पटलेलं असतं. आठ बुश, वेगळा व्हॉल्व्ह, नायट्रोजनचा गोळा, दोरी, टेकू, सगळं.

"मिस्त्री, रिमोट बसंल का ह्याला?"

मिस्त्री डोक्याचा रुमाल सोडतो, तोंड पुसतो, परत बांधतो.

"बसतोय की. पण मोटर दोन किलोवॉटची हाय. बारा व्होल्टवर पावणेदोनशे अँपिअर खेचती. तुमची एक बॅटरी तासभर पण नाय टिकायची. चार लागतील."

"चार? आन ठेवायच्या कुठं?"

"मागंच की मालक. दुसरीकडं जागा हाय का?"

"मग मागं वजन वाढंल की."

"वाढंल. मग जॅक तीन इंची घ्या."